‘आलो!’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणाल? वेळेचे शब्द आणि रोजच्या विनंत्या

ळकार

एक साधा निरोप घेऊ: “आय अ‍ॅम रनिंग फिफ्टीन मिनिट्स लेट, कॅन यू प्लीज वेट फॉर मी?” शिकाऊ वहीत याचं स्पॅनिश बहुतेक वेळा असं सापडतं: ‘एस्तोय कोर्रिएन्दो किन्से मिनुतोस तार्दे. प्वेदेस पोर फाबोर एस्पेरार पोर मी?’ ऐकणाऱ्याला यातून एवढंच कळतं की तुम्ही रस्त्यावर पळत आहात. ‘एस्पेरार’नंतरचा ‘पोर’ कॅरिबियन वगैरे काही भाग सोडले तर कानाला खटकतो. ‘वेट’च्या मागे ‘फॉर’ लागतं म्हणून तो ओढून आणलेला असतो.

आता हाच निरोप मराठीत करा: “मला उशीर झाला, साडेपाचच्या सुमारास पोचतो, थांबतोस का?” मेक्सिकोत हुबेहूब असंच म्हणतात: ‘से मे ईसो तार्दे. येगो कोमो आ लास सिंको इ मेदिया. मे एस्पेरास?’ ‘से मे ईसो तार्दे’तला ‘मे’ म्हणजे आपला ‘मला’. उशीर मी करत नाही, तो मला होतो. स्पेनमध्ये उशीर आजचाच असल्यामुळे ‘से मे आ एचो तार्दे’ म्हणतील, किंवा सरळ ‘येगो किन्से मिनुतोस तार्दे’. ‘येगो’ हा वर्तमानकाळ आहे, जसा आपला ‘पोचतो’. भविष्यकाळी ‘येगारे’ चूक नाही, पण पाच मिनिटांवरच्या गोष्टीला तो जड होतो.

इंग्रजी वाक्य आधी मराठीत बोलून बघायचं आणि मग स्पॅनिशकडे जायचं, ही वाट किती ठिकाणी चालते आणि कुठे पाय घसरतो, हे सगळ्यांनी मिळून या धाग्यात गोळा करू. उच्चार देवनागरीत लिहू. त आणि द आपल्यासारखे दंत्य आहेत, ‘ह’ लिहिला तरी बोलत नाहीत, ‘व्ही’चा उच्चार ‘ब’, आणि ‘नोचे’मधला च चिंचेतला, चमच्यातला नव्हे. ‘सिंको’, ‘ग्रासिआस’ हे लॅटिन अमेरिकेतले उच्चार (पुढे नुसतं ‘अमेरिका’ म्हटलं तरी तीच). स्पेनच्या बहुतेक भागात तिथे ‘थ’ येतो.

सव्वाशेर

घड्याळापासून सुरुवात करतो, कारण इथे मराठी माणूस इंग्रजीवाल्यापेक्षा आधीच पुढे असतो. एक वाजला, दोन वाजले. स्पॅनिशमध्येही एकाला एकवचन आणि पुढे अनेकवचन: ‘एस ला उना’, ‘सोन लास दोस’. इंग्रजीत दोन्हीला ‘इट इज’, म्हणून ‘एस लास दोस’ ही चूक तिकडून येते.

साडेतीन म्हणजे ‘लास त्रेस इ मेदिया’, सव्वातीन ‘लास त्रेस इ क्वार्तो’. पावणेतीनला मात्र देश विचारावा लागतो. स्पेनमध्ये ‘लास त्रेस मेनोस क्वार्तो’, म्हणजे तीनला पाव कमी. मेक्सिको आणि बऱ्याच लॅटिन अमेरिकेत ‘क्वार्तो पारा लास त्रेस’. तीनला दहा कमी असतील तर ‘फाल्तान दिएस पारा लास त्रेस’, अगदी आपल्या शब्दांत. विचारायचं असेल तर ‘के ओरा एस?’, अमेरिकेत ‘के ओरास सोन?’सुद्धा भरपूर ऐकू येतं.

घोळ होतो तो दीड आणि अडीचपाशी. आपल्याकडे त्यांना स्वतंत्र शब्द आहेत, तिकडे नाहीत. दीड वाजता: ‘आ ला उना इ मेदिया’. दीड तास: ‘उना ओरा इ मेदिया’. दीड किलो: ‘किलो इ मेदियो’. ‘ओरा’ स्त्रीलिंगी म्हणून ‘मेदिया’, किलो पुल्लिंगी म्हणून ‘मेदियो’. तासाला ‘मेदियो’ लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. पाऊण तास म्हणजे ‘त्रेस क्वार्तोस दे ओरा’. इंग्रजीवाला इथे बहुधा पंचेचाळीस मिनिटं म्हणतो, आपण पाऊण.

अंदाजही सारखाच बांधतात. “पाच वाजले असतील” म्हणजे ‘सेरान लास सिंको’. “घरी असेल” म्हणजे ‘एस्तारा एन कासा’. दोन्हीकडे भविष्यकाळाचं रूप आणि अर्थ आत्ताचा. इथे ‘प्रोबाब्लेमेन्ते’ घुसडायची काही गरज नसते.

तिन्हीसांजा

सव्वाशेर, त्यात भर. “सकाळी सात वाजता” आणि नुसतं “सकाळी” या दोन्हींना आपण एकच ‘सकाळी’ वापरतो. स्पॅनिशमध्ये घड्याळाचा आकडा असेल तर ‘दे’: ‘आ लास सिएते दे ला मान्याना’. आकडा नसेल तर स्पेनमध्ये ‘पोर ला मान्याना’, लॅटिन अमेरिकेत बहुतेक ‘एन ला मान्याना’, अर्जेंटिनात ‘आ ला मान्याना’. आणि ‘मान्याना’ म्हणजे सकाळही आणि उद्याही, त्यामुळे उद्या सकाळी = ‘मान्याना पोर ला मान्याना’.

पहाटेला ‘माद्रुगादा’ हा सुरेख शब्द आहे, पण तो आपल्या पहाटेपेक्षा लांब. मध्यरात्र उलटली की सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. रात्रीचे दोन म्हणजे ‘लास दोस दे ला माद्रुगादा’. “रात्रीचे” म्हणून ‘दे ला नोचे’ लिहिलंत तर वाचणारा बुचकळ्यात पडेल.

उलट आपली दुपार आणि संध्याकाळ दोन्ही त्यांच्या एका ‘तार्दे’त बसतात. चार वाजता ‘तार्दे’, सातलाही ‘तार्दे’, अंधार पडला की ‘नोचे’. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन-अडीचच्या पुढे, म्हणून ‘मेदियोदीआ’ नावाला मध्यान्ह असली तरी व्यवहारात जेवणापर्यंत लांबते. “जेवल्यावर भेटू” याला स्पेन आणि मेक्सिकोत ‘देस्प्वेस दे कोमेर’, कोलंबिया-अर्जेंटिनात ‘देस्प्वेस देल आल्म्वेर्सो’. माद्रिदमध्ये ‘देस्प्वेस दे कोमेर’ ठरलं असेल तर दीड वाजता जाऊन उभं राहू नका. चारपर्यंत कोणी हलत नाही. वेळ आकड्यात ठरवून घ्या.

पानगळ

‘टाइम’ या एका इंग्रजी शब्दाचं काय करायचं, हा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतं. ‘तिएम्पो’, ‘ओरा’, ‘बेस’, ‘रातो’ यांतला कुठला? उत्तर मराठी व्याकरणात आहे आणि ते कोणी सांगत नाही.

तो वेळ, ती वेळ आणि तीन वेळा यांत आपण कधी चुकत नाही. “फार वेळ लागला” यातला वेळ पुल्लिंगी, लांबीचा: तो ‘तिएम्पो’. “जेवायची वेळ झाली” यातली वेळ स्त्रीलिंगी, घड्याळातला ठरलेला क्षण: ती ‘ओरा’, ‘या एस ओरा दे कोमेर’. “तीन वेळा सांगितलं”: ‘त्रेस बेसेस’. “जरा वेळ बस” म्हणजे ‘रातो’: ‘सिएन्ताते उन रातो’. मराठी वाक्यात वेळेचं लिंग ओळखा, स्पॅनिश शब्द ठरला. फक्त ‘तिएम्पो’ला हवामान हाही अर्थ आहे: ‘के तिएम्पो आसे?’ म्हणजे बाहेर हवा कशी आहे.

ळकार

पानगळ, हे लिंगाचं सूत्र सोन्यासारखं आहे. ‘बेस’मध्ये एवढं जोडतो: ‘आ बेसेस’ म्हणजे कधीकधी, ‘त्रेस बेसेस आल दीआ’ म्हणजे दिवसातून तीन वेळा. औषधाच्या चिठ्ठीवर मात्र ‘कादा ओचो ओरास’ असेल तर ते दर आठ तासांनी, म्हणजे रात्रीचाही डोस आला. दोन्ही सूचना एकच समजून भाषांतर करू नका. अनशापोटी = ‘एन आयुनास’. नाश्त्याला ‘देसायुनो’ म्हणतात त्यातही तोच उपास आहे, मोडलेला.

‘तोदो एल दीआ’ दिवसभर, ‘तोदोस लोस दीआस’ रोज. एका ‘स’ने गोळीचा सगळा हिशोब बदलतो.

किनारपट्टी

आठवड्याचं कुणी काढलं नाही अजून? आपला आठवडा आठावरून आला आणि पंधरवडा पंधरावरून. स्पॅनिश माणूसही आज आणि परतीचा वार दोन्ही धरतो: एक आठवडा म्हणजे ‘ओचो दीआस’, दोन म्हणजे ‘किन्से दीआस’. “आठ दिवसांनी या” याला मेक्सिकोत ‘दे ओय एन ओचो’ म्हणतात आणि त्याचा अर्थ पुढच्या आठवड्यात याच वारी. आठ मोजून शुक्रवारचा शनिवार करू नका. दर पंधरा दिवसांनी मिळणारा पगार म्हणजे ‘किन्सेना’. इंग्रजीतून आलेला माणूस ‘कातोर्से दीआस’ म्हणजे चौदा दिवस लिहितो. ते समजतं, पण असं कोणी बोलत नाही.

दिवसाआड: कोलंबिया, चिले, अर्जेंटिनात ‘दीआ पोर मेदियो’, शब्दशः आपलंच. स्पेनमध्ये ‘उन दीआ सी इ ओत्रो नो’, एक दिवस हो आणि एक नाही.

वाराला शब्दयोगी काही लागत नाही, नुसतं उपपद: ‘एल लुनेस’ सोमवारी, ‘लोस लुनेस’ दर सोमवारी. इंग्रजीतल्या ‘ऑन’साठी ‘एन एल लुनेस’ लिहू नका. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्यांनी जरा जपून: पोर्तुगीजमध्ये सोमवार ‘सेगुंदा’, म्हणजे दुसरा वार. स्पॅनिशमध्ये तसे आकडे नाहीत, तिकडे चंद्र-मंगळ-बुध-गुरू-शुक्र आपल्याच क्रमाने येतात. लुनेस, मार्तेस, मिएर्कोलेस, ख्वेबेस, बिएर्नेस. शनिवार-रविवार तेवढे निराळे.

पाव_कमी

सगळे मराठीची आरती करताय, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. मराठी जिथे फसवते त्या जागा इंग्रजीपेक्षा घातक आहेत, कारण तिथे शंकाच येत नाही.

पहिली जागा ‘पर्यंत’. “शुक्रवारपर्यंत सुट्टी आहे” आणि “शुक्रवारपर्यंत फॉर्म पाठवा” यांत आपण एकच शब्द वापरतो. पहिलं चालू राहणारं आहे: ‘आस्ता एल बिएर्नेस’. दुसरी मुदत आहे: ‘पारा एल बिएर्नेस’, किंवा शुक्रवार उजाडायच्या आत हवं असेल तर ‘आन्तेस देल बिएर्नेस’, आणि ‘उशिरात उशिरा शुक्रवारी’ला ‘आ मास तार्दार एल बिएर्नेस’. ‘एन्बीए एल फोर्मुलारियो आस्ता एल बिएर्नेस’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, शुक्रवारपर्यंत पाठवतच राहायचंय की काय.

आणि मेक्सिकोचा ‘आस्ता’ वेगळाच. तिथे ‘ला तिएन्दा आब्रे आस्ता लास दिएस’ म्हणजे दुकान दहाशिवाय उघडत नाही. माद्रिदमध्ये हेच वाक्य दहापर्यंत उघडं असतं. पाटीवर शंका आली तर ‘आ के ओरा आब्रेन?’ विचारा, ‘आस्ता’च्या भानगडीत पडू नका.

दुसरी जागा ‘देन्त्रो दे’. ‘देन्त्रो’ म्हणजे आत, म्हणून ‘देन्त्रो दे दोस दीआस’चा अर्थ मराठी डोकं “दोन दिवसांच्या आत” असा लावतं. तो आहे “आजपासून दोन दिवसांनी”. आत हवं असेल तर ‘एन मेनोस दे दोस दीआस’, सरकारी कागदात ‘एन उन प्लासो दे दोस दीआस’. नुसतं ‘एन दोस दीआस’ दोन्हीकडे झुकतं, अमेरिकेत बऱ्याचदा “दोन दिवसांनी”कडे. होऊन गेलेल्या गोष्टीत “दोन दिवसांनी तो आला” याला ‘आ लोस दोस दीआस’. तिथे ‘देन्त्रो दे’ चालत नाही, कारण ते नेहमी आत्तापासून मोजतं.

तिसरी जागा ‘परवा’. तोंडी मराठीत परवा तीन अर्थांनी फिरतो. येणारा परवा ‘पासादो मान्याना’, गेलेला ‘आन्तेआयेर’ (मेक्सिकोत ‘आन्तिएर’), आणि “परवाच भेटला होता” मधला अमुक-एक-दिवस-नसलेला परवा ‘एल ओत्रो दीआ’. तिसऱ्याचं ‘आन्तेआयेर’ केलंत तर साक्षच खोटी ठरेल.

तिन्हीसांजा

पाव_कमी, चौथी जागा मी घालते: येणं-जाणं. धाग्याच्या नावातला ‘आलो!’ हाच.

कोणी हाक मारली की आपण “आलो!” म्हणतो, भूतकाळात, जागचं न हलता. इंग्रजीत ‘कमिंग’. स्पॅनिशमध्ये ‘या बोय!’, म्हणजे शब्दशः ‘जातो’. तिथे ‘बेनिर’ फक्त बोलणारा जिथे उभा आहे तिकडे येण्यासाठी. ऐकणाऱ्याकडे निघालात तरी ते जाणंच: “मी तुझ्याकडे येतो” = ‘बोय आ तु कासा’. ‘बेंगो आ तु कासा’ म्हणालात तर तुम्ही आत्ता त्याच्याच घरात उभे आहात असं होतं.

निघताना आपण “जातो” न म्हणता “येतो” म्हणतो. तिथेही ‘बेंगो’ नाही, ‘मे बोय’ किंवा ‘आस्ता ल्वेगो’. “जरा खाली जाऊन आलोच” याला स्पेनमध्ये ‘आओरा ब्वेल्बो’, मेक्सिकोत ‘आओरीता बेंगो’. हे एवढं एक ‘बेंगो’ आपल्याला ओळखीचं वाटेल.

मधली_सुट्टी

‘आओरीता’ आलाच आहे तर. स्पेनमध्ये ‘आओरा’ म्हणजे आता, पण ‘आओरा ते यामो’ म्हणजे थोड्या वेळाने फोन करतो. आत्ताच्या आत्ता हवं असेल तर ‘आओरा मिस्मो’. आपला आता आणि आत्ता यांतला एक त जे काम करतो ते तिथे ‘मिस्मो’ करतो.

मेक्सिकोत ‘आओरीता’ आत्ताही असतो आणि तासाभरानेही. कधीकधी तो सौजन्याने दिलेला नकार असतो, आपल्या “बघू, करतो”सारखा. प्वेर्तो रिकोत तोच शब्द ‘नंतर’कडे कलतो. मेक्सिकोत ‘ल्वेगो’ नंतर, पण ‘ल्वेगो ल्वेगो’ ताबडतोब. ‘आल रातो’ थोड्या वेळाने. काम खरंच लगेच हवं असेल तर शब्द सोडा, आकडा धरा: ‘एन दिएस मिनुतोस?’ असं उलट विचारा.

‘या’बद्दल: ‘या कोमी’ जेवलो, झालं. ‘तोदाबीआ नो’ अजून नाही. ‘या नो’ आता नको किंवा आता नाही. “आत्ताच पोचलो” याला ‘आकाबो दे येगार’. तिथे ‘आओरा’ घातला की वाक्य पोरकं होतं.

ळकार

‘सिन्स’ आणि ‘फॉर’वरही लिहायला हवं. “दोन वर्षं झाली मी इथे राहतो”: ‘आसे दोस आन्योस के बिबो आकी’. झाली, राहतो, आसे, बिबो. दोन्हीकडे राहणं वर्तमानात आहे. “तासभर वाट बघतोय”: ‘येबो उना ओरा एस्पेरान्दो’. इंग्रजीच्या वाटेने आलेलं ‘ए एस्तादो एस्पेरान्दो पोर उना ओरा’ व्याकरणात उभं राहतं, बोलण्यात नाही. “दोन वर्षांपूर्वी आलो” हे त्याच ‘आसे’ने: ‘येगे आसे दोस आन्योस’.

“पोचलास की फोन कर”: ‘यामामे क्वान्दो येगेस’. ‘क्वान्दो येगारास’ ही चूक भविष्यकाळ शोधणाऱ्यांची. आपण तरी कुठे “पोचशील की” म्हणतो? भूतकाळाचं रूप घालून पुढची गोष्ट बोलतो. स्पॅनिश तिथे सुबखुन्तिबो वापरतं, म्हणजे अजून न घडलेल्या किंवा हव्याशा गोष्टीसाठीचं क्रियापदाचं वेगळं रूप (इंग्रजीत सबजंक्टिव्ह). रूप निराळं, पण साधा भविष्यकाळ दोघांनाही नको असतो.

सव्वाशेर

विनंत्यांकडे वळू. हॉटेलात इंग्रजीचा ‘कॅन आय हॅव’ घेऊन गेलात तर ‘प्वेदो तेनेर उन काफे?’ बाहेर पडतं. वेटर कॉफी आणेल, पण हे स्पॅनिश नव्हे. मराठीत आपण “एक कॉफी देता का?” म्हणतो. तेच: ‘मे दा उन काफे?’ स्पेनच्या बारमध्ये ‘मे पोनेस उन काफे?’ कोलंबियात ‘मे रेगाला उन काफे?’ – ‘रेगालार’ म्हणजे भेट देणं, पण पैसे द्यायचेच असतात. तिथे सहीसुद्धा भेट मागतात आणि किती वाजले तेही: ‘मे रेगाला ला ओरा?’ कोलंबियाबाहेर हा प्रयोग जपून करा. फुकट मागताय असं वाटेल.

बिल: ‘ला क्वेन्ता, पोर फाबोर’. स्पेनमध्ये काउंटरवर ‘मे कोब्रास?’, म्हणजे “पैसे घेता?”

पानगळ

दुकानातल्या विनंतीत मराठी आणि स्पॅनिश अगदी एकाच गल्लीत राहतात. “एक किलो टोमॅटो हवे होते.” हवे आत्ता आहेत, क्रियापद मात्र भूतकाळात, म्हणजे मागणी मऊ होते. स्पेनमध्ये: ‘केरीआ उन किलो दे तोमातेस’. “तुमच्याशी जरा बोलायचं होतं”: ‘केरीआ आब्लार कोन उस्तेद’. पुस्तकं ‘किसिएरा’ शिकवतात, ते सगळीकडे चालतं. पण भाजीवाल्यापुढे ‘केरीआ’च जास्त सहज बसतो.

जेवणाच्या टेबलावर पायऱ्या अशा: ‘पासामे ला साल’ (मीठ दे), ‘मे पासास ला साल?’ (देतोस का), ‘पोद्रीआस पासारमे ला साल?’ (देशील का). शेवटच्या पायरीवर ठेच लागते. ‘देशील का’ दिसायला भविष्यकाळ आहे म्हणून ‘मे पासारास ला साल?’ करू नका. त्याचा सूर “देणार आहेस की नाही एकदाचा” असा लागतो. ‘पोद्रीआस’ म्हणा. उलट घरात आणि मित्रांत नुसता आज्ञार्थ मुळीच उद्धट नाही. प्रत्येक वाक्याला ‘पोद्रीआस’ चिकटवला की माणूस परका वाटतो, जसं आपल्याकडे घरात कोणी “कृपया पाणी द्याल का” म्हणावं.

आपल्या ‘जरा’ला एक ठरलेला शब्द नाही. ते काम ‘उन मोमेन्तितो’, ‘उन फाबोरसितो’ असल्या लाडाच्या रूपांवर पडतं, विशेषतः मेक्सिको, कोलंबिया, इक्वादोरकडे.

पाव_कमी

‘ते इम्पोर्ता’ची उत्तरं विसरू नका. ‘ते इम्पोर्ता सेर्रार ला बेन्ताना?’ म्हणजे “खिडकी लावायला तुझी हरकत आहे का?” ‘नो’ म्हणजे लावतो. मराठी माणूस होकार द्यायला ‘सी’ म्हणतो आणि समोरचा ओशाळतो. ‘नो, क्लारो’ म्हणा आणि उठून खिडकी लावा.

दुसऱ्याने काही करावं असं असेल तर ‘करावं’च्या जागी सुबखुन्तिबो: “त्याने यावं अशी माझी इच्छा आहे”, ‘किएरो के बेंगा’. मराठीत करावं-यावं आलं की स्पॅनिशमध्येही रूप बदलणार, एवढी खूण पुष्कळदा पुरते. नकारार्थी आज्ञेतही: “उशिरा येऊ नकोस”, ‘नो येगेस तार्दे’.

किनारपट्टी

तू-तुम्हीचा प्रश्न राहिला. ‘तु’ आणि ‘उस्तेद’ म्हणजे तू आणि तुम्ही, इथवर ठीक. पण स्पेनमध्ये दुकानदार, सहकारी, कधी प्राध्यापकसुद्धा ‘तु’वर असतात. आपल्या हिशोबाने वयाला ‘तुम्ही’ लावत गेलात तर अंतर ठेवल्यासारखं होतं. कोलंबियाच्या काही भागांत उलट, भाऊभाऊ आणि जिवलग मित्रही ‘उस्तेद’ बोलतात. अर्जेंटिनात ‘तु’ नाहीच, ‘बोस’: ‘पासामे’ऐवजी जोर सरकवून ‘पासाऽमे’, ‘बेन’ऐवजी ‘बेनी’. ‘उस्तेद’ला क्रियापद तृतीयपुरुषी लागतं, जसं आपल्या ‘आपण’ला कधीकधी “आपण यावे”. तिथे ‘उस्तेद प्वेदेस’ नाही, ‘उस्तेद प्वेदे’.

अनोळखी माणसाचं लक्ष वेधायला ‘ओइगा’, शब्दशः “ऐका हो”. स्पेनमध्ये तो उर्मट नाही. अमेरिकेत ‘दिस्कुल्पे’ने सुरुवात केलेली बरी.

मधली_सुट्टी

अपॉइंटमेंट बदलण्याचा एक पूर्ण निरोप कोणी टाकेल का? सगळ्यात जास्त लागतो तोच.

ळकार

घ्या, दवाखान्यासाठी, ‘उस्तेद’ धरून:

‘ब्वेनास तार्देस. तेंगो सीता एल ख्वेबेस आ लास दिएस इ मेदिया दे ला मान्याना, पेरो नो प्वेदो इर. मे ला पोद्रीआन काम्बियार पारा ला सेमाना के बिएने, आ सेर पोसिब्ले पोर ला तार्दे? मुचास ग्रासिआस.’

गुरुवारी सकाळी साडेदहाची वेळ आहे, येता येणार नाही, पुढच्या आठवड्यात, जमल्यास दुपारनंतर, बदलून द्याल का. यात ‘नो प्वेदो इर’ बघा: आपण “येता येणार नाही” म्हणतो, तिथे जाणं, कारण निरोप घरून चाललाय. ‘काम्बियार पारा’मधला ‘पारा’ नवीन तारखेचा. ‘के बिएने’ म्हणजे “येत्या”. ‘एल प्रोक्सिमो लुनेस’ आणि ‘एस्ते लुनेस’ यांवरून गैरसमज होतात, तेव्हा तारीख जोडा: ‘एल लुनेस दोसे’. अंकात लिहाल तर दिवस आधी, महिना मग, आपल्यासारखंच. 5/6 म्हणजे पाच जून.

‘सीता’ला रामायणात शोधू नका. ती अपॉइंटमेंट आहे, आणि डेटलाही तोच शब्द. अर्जेंटिनात दवाखान्याची वेळ म्हणजे ‘तुर्नो’, चिलेत ‘पेदिर ओरा’. मित्रांशी भेट ठरवताना यांतलं काही नको: स्पेनमध्ये ‘केदामोस आ लास सिंको?’, बाकी बहुतेक ठिकाणी ‘नोस बेमोस आ लास सिंको’.

कचेरीला लिहायचं असेल तर एक पायरी वर: ‘ले आग्रादेसेरीआ के मे एन्बिआरा एल दोकुमेन्तो आन्तेस देल बिएर्नेस’. आणि “सवडीने” म्हणायचं असेल तेव्हा ‘लो आन्तेस पोसिब्ले’ लिहू नका, त्याचा अर्थ शक्य तितक्या लवकर. सवडीने म्हणजे ‘क्वान्दो प्वेदा’.

सव्वाशेर

टाइप करताना एक काळजी. ‘आन्यो’ आणि ‘मान्याना’मधल्या ‘न्य’साठी फोनवर ‘एन’ दाबून धरा, डोक्यावर नागमोडी रेघ असलेलं अक्षर वर येतं. ‘मान्याना’त रेघ राहिली तर वाचणारा समजून घेतो. वयाच्या रकान्यात ‘तेंगो त्रेइन्ता आन्योस’ लिहिताना राहिली, तर मात्र तुम्ही तीस वर्षांचे नसून तुम्हाला तीस गुदद्वारं आहेत असं कळवलेलं असतं.